पिवळ्या अस्वलाची मिरवणूक

एका जंगलात, पोरांनो, पोटाला फार मान होता. ज्याचं पोट सगळ्यांत पुढे, तो पंचांतही सगळ्यांत पुढे. डोकं कुणी मोजत नसे.

तिथे झिपरोजी नावाचं अस्वल राहायचं. चैत्रात मोहाची फुलं गळायची, खाली खळग्यात साचून आंबायची. झिपरोजी सकाळी तिकडे चार पायांवर जायचा आणि संध्याकाळी तीनवर परत यायचा. तोंडी लावायला मध. चालणं म्हणाल तर मोहापासून गुहेपर्यंत. तेही वाकडंतिकडं असल्यामुळे जरा जास्त व्हायचं, तेवढाच व्यायाम.

त्याची बायको गुणवंती. तीही मधाची शौकीन, अंगाने चांगली भरलेली. पण तिला एक वाईट खोड होती. ती प्रश्न विचारायची.

चिंचेखाली साळूबाई साळिंदर बसे. अंगावर हजार सुया, म्हणून रक्त तपासायचं काम तिच्याकडे. वर्षातून एकदा या, टोचून घ्या, काय निघालं ते पळसाच्या पानावर लिहून न्या, एवढंच तिचं मागणं. पण धडधाकट असताना सुईजवळ जाणं म्हणजे अपशकुन, असं जंगलातल्या शहाण्यांचं मत. आजारी पडलो की जाऊ, म्हणत. आणि आजारी पडले की वानरबुवाकडे जात.

हसू नका. आधी आपापल्या घरात डोकावून या.

तर एकदा गुणवंतीने नवऱ्याला ढकलत ढकलत चिंचेखाली नेलं. साळूबाईने दोघांना टोचलं, पोटं चाचपली आणि दोन पानं लिहिली. दोन्हींवर जवळपास एकच मजकूर. यकृतावर चरबी चढली आहे, झिपरोजीचं सुजलंही आहे.

"हे उजव्या बरगडीखालचं यकृत जुन्या काळच्या सुनेसारखं असतं," साळूबाई म्हणाली. "साऱ्या घराची घाण उपसतं आणि तोंडातून ब्र काढत नाही. कुरकुरेल तेव्हा बघू म्हणाल, तर ते कुरकुरत नाही, एकदम घर सोडतं. मोह बंद करा, मध आवरा, रोज ओढ्यापर्यंत चाला. अजून सगळं माघारी फिरतं."

झिपरोजीने आपल्या पोटावर थाप मारून पाहिली. दुखलं नाही. दुखत नाही म्हणजे रोग नाही, असं म्हणून त्याने त्या पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि त्यातून मोह प्यायला.

गुणवंतीने आपलं पान जपून ठेवलं. रोज ओढ्यापर्यंत चालली. मध सणापुरता. वर्षाने साळूबाईने पुन्हा टोचलं, तर यकृत ठणठणीत. जंगलाला पत्ताही नाही. बाई वाळली, नवरा खाऊ देत नसेल, एवढंच चारचौघी बोलल्या.

झिपरोजीचं मात्र नशीब उघडलं. दोन वर्षांत पोट असं तट्ट फुगलं की त्याला मुख्य पंच केलं. आत पाणी साचलं होतं. पण पाणी आणि प्रतिष्ठा बाहेरून सारखीच दिसतात. पाय सुजले, तर मंडळी म्हणाली, पाऊल कसं वजनदार पडतंय. तो दिवसा झोपू लागला, बोलता बोलता विसरू लागला. तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली की हा जन्मजात पुढारी.

मग एका सकाळी त्याचे डोळे पिवळे झाले.

पिवळं म्हणजे हळद. हळद म्हणजे शुभ. जंगल येडं झालं. मोर नाचले, रानडुकरांनी वाट उकरून रुंद केली, झिपरोजीवर पाट्यांनी रानहळद उधळली. अस्वल कुठे संपतं आणि हळद कुठे सुरू होते, ते कळेना. गुणवंती मिरवणुकीला आडवी गेली. ही कावीळ आहे, चिंचेखाली चला, म्हणाली. पंचांनी तिला समजावलं की वहिनी, जरा कडेला व्हा, वाजंत्री येतेय.

पण कावीळ हा शब्द झिपरोजीच्या कानात अडकला. तो वानरबुवाकडे गेला.

बुवाकडे काविळीची माळ असे. सैल फासांत ओवलेले काड्यांचे तुकडे. ती डोक्यावर ठेवायची. फास सुटत जातात, माळ लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर. माळ उतरली की कावीळ उतरली. सशाची उतरली होती. ससा गढूळ पाणी पिऊन पिवळा झाला होता आणि पंधरवड्यात आपला आपणच बरा झाला असता. पण माळ लांबली होती ना. पुरावा गळ्यात लोंबत होता.

झिपरोजीची माळ कानांवरून घसरली, गळ्यात आली, आणि पोटावर येऊन अडली. बुवा म्हणाला, माळेचा दोष नाही, पोटाचा आहे.

पंधरवडा गेला. झिपरोजीला रक्ताची उलटी झाली. तेव्हा कुठे चार गव्यांनी त्याला चिंचेखाली आणलं. साळूबाईने पोटातलं पाणी काढलं, त्याला जरा श्वास आला. पण यकृताचा दगड झाला होता.

"गुणवंते," तो म्हणाला, "मला तेव्हाच फरफटत का नाही आणलंस?"

"आणलं होतं. तुम्ही त्या पानाचा द्रोण केलात."

झिपरोजीने बराच वेळ आठवून पाहिलं.

"द्रोण चांगला झाला होता," तो म्हणाला. "एक थेंब गळला नाही."

दोघंही हसली. ऊन कलायच्या आत तो गेला.

शोकसभा टोलेजंग झाली. फार अचानक गेला, असं सगळे म्हणाले. कालपर्यंत तोंडावर केवढं तेज होतं. गुणवंती सांगायला उठली की अचानक काही नाही, तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तिला खाली बसवलं. जिला कधी कावीळ झालीच नाही, तिने काविळीवर बोलू नये. मग मोहाखाली झिपरोजीचं स्मारक उभं राहिलं आणि उद्घाटनाला सगळ्यांना मोह वाटला. द्रोणांतून.

त्या दिवसापासून साळूबाई प्रत्येक पान लिहून झालं की त्याला सुईने सात भोकं पाडते. मगच हातात देते.

तात्पर्य : रोग वेळेवर ओळखू नये. ओळखला तर माणूस नुसता बरा होतो. हळद, माळ, शोकसभा, स्मारक, यातलं काहीएक त्याला मिळत नाही. गुणवंतीचंच बघा. बाई अजून रोज ओढ्यापर्यंत चालते, आणि तिच्या नावाचा जंगलात साधा दगड नाही.