पहिला नंबर रजेवर

आमच्या शेजारचे भानुदासतात्या रोज संध्याकाळी पाच वाजता राक्षस मारायला बसतात. बसण्याआधी ते हातपाय धुतात, इस्त्रीचा सदरा घालतात, टोपी चढवतात आणि खिशाला पेन लावतात. पेनानं राक्षस मरत नाही, एवढं मलाही कळतं. पण हजेरी झाल्याशिवाय तात्यांच्या हातून राक्षस मरत नाही, आणि हजेरीला पेन लागतं.

तात्यांचं वय एकोणसत्तर. जळोचीत त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये छातीइतकी एक भिंत आहे, आणि गेली नऊ वर्षं त्या भिंतीवरून मला सगळं ऐकू येतं. मी बारामतीत शाळेवर गणित शिकवते, त्यामुळे वडिलांच्या वयाचे तात्याही मला ‘बाई’ म्हणतात. ते ज्यात हजेरी घेतात तो हजेरीपटही माझ्याकडूनच गेलेला. शाळेचा एक कोरा हजेरीपट त्यांनी माझ्याकडून मागून नेला, तेव्हा मला वाटलं, म्हातारबाबा भजनी मंडळ काढतायत.

खेळ असा आहे, की ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसतात आणि सगळी मिळून एकाच काल्पनिक राज्यात हिंडतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी वैद्य. टोळी करून राक्षस मारायचा आणि त्याच्यापाशी सापडलेली तलवार, चिलखत, घोडा आपसात वाटून घ्यायचा. शहाणी माणसं याला वेळेचं मातेरं म्हणतात. तात्या याला संस्था म्हणतात.

खेळ घरात आला तो नातीमुळे. मुलगा बेंगळुरूला असतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याची सई महिनाभर इथं राहिली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिनंच कॉम्प्युटरवर खेळ चढवला, स्वतः योद्धा झाली आणि आबांना, म्हणजे तात्यांना, वैद्य केलं, कारण आबा हळू पळतात. महिनाभर दोघांनी मिळून कोल्हे-लांडगे मारले. जूनमध्ये तिची शाळा सुरू झाली आणि ती गेली. खेळ मागं राहिला, आणि खेळाबरोबर तात्याही. ते का राहिले, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला फक्त हसू आलं, आणि ते मी कधी लपवलंही नाही.

तात्यांनी एकतीस वर्षं भवानीनगरला कारखान्यावर चिटबॉय म्हणून काढली. कुणाचा ऊस कधी तुटणार त्याची चिठ्ठी शेतकऱ्याला नेऊन देणारा, तो चिटबॉय. हुद्दा पोरासोरांचा, पण हंगामात भलेभले बागायतदार त्याच्याशी गोड बोलायचे. कारखान्याचा नियम एक आणि तात्यांचा धर्म एक: लागणीची नोंद ज्याची आधी, त्याची तोड आधी. एकदा एका बड्या माणसानं चिठ्ठीसाठी जीपगाडी पाठवली. तात्यांनी गाडीच्या ड्रायव्हरला चहा पाजला आणि तीन शब्दांचा निरोप देऊन परत पाठवलं: “नोंद हाय का?”

हे तीन शब्द त्यांनी निवृत्त होताना कारखान्यावर ठेवून यायला हवे होते. तसं झालं नाही. दवाखान्यात मध्ये घुसणाऱ्याला ते विचारतात, लग्नात पंगतीला धावणाऱ्याला विचारतात. एकदा मी भिंतीवरून त्यांच्या बायकोशी, काकींशी, बोलत होते आणि मध्येच तात्यांना एक प्रश्न विचारला, तर मला म्हणाले, आधी हिचं बोलणं नोंदलेलं हाय, तुमी थांबा.

तर अशा माणसानं त्या राज्यात टोळी काढली. नाव: भैरवनाथ राक्षस निर्मूलन मंडळ, जळोची. खेळात एवढं मोठं नाव बसत नाही म्हणून पडद्यावर नुसतं ‘भैरवनाथ’ दिसतं, पूर्ण नाव हजेरीपटावर आहे. मंडळाची दर रविवारी सभा होते. विषयपत्रिका ठरलेली: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, राक्षस मारणे, आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा करणे. इतर टोळ्या वीस मिनिटांत राक्षस मारून मोकळ्या होतात. भैरवनाथवाले अजून इतिवृत्त कायम करत असतात, आणि राक्षस गुहेत ताटकळत बसलेला असतो.

सभासद एकवीस. त्यांची प्रतवारी तात्यांनी उसाप्रमाणं केलेली. अठरा महिने टिकला तो आडसाली. नवा आला तो सुरू. सोडून गेला आणि पुन्हा उगवला तो खोडवा. आडसालीतले सगळ्यात भरवशाचे म्हणजे इंदापूरचे सलीमभाई. त्यांचं हमरस्त्यावर टायरचं दुकान आहे, आणि भर लढाईत ते “हवा भरून आलो” असं लिहून नाहीसे होतात. तोवर राक्षसानं काय करायचं हे राक्षसानं ठरवायचं. कोईमतूरचा एक मुरुगन आहे. दोन वर्षांत तो मराठीतला एकच शब्द शिकलाय, ‘मंजूर’, आणि मंडळाला त्याच्याकडून तेवढाच हवा असतो.

वाटपाचा नियम अर्थातच कारखान्याचा. नोंद ज्याची आधी, त्याला तलवार आधी. मग तो लढाईत मेलेला का असेना. आठ दिवस न कळवता गैरहजर राहिला तर नाव कमी. अर्ज देऊन रजेवर गेला तर नंबर शाबूत. काकींचं यावर एकच म्हणणं होतं, की एवढी हजेरी घरच्या गाईची घेतली असती तर ती वेळेवर व्याली असती.

मला मात्र खरंच एका गोष्टीचं नवल वाटायचं. सलीमभाई सांगतात, बाकीच्या टोळ्या तलवारीवरून भांडून दोन महिन्यांत फुटतात. तात्यांची तीन वर्षं टिकली. त्या राज्यात लोक आपलं काम सोडून हा प्रकार बघायला येतात आणि बघता बघता अर्ज भरतात.

मागच्या वर्षी खेळाच्या कंपनीनं एक प्रश्नावली पाठवली. इंग्रजीत होती म्हणून तात्या भिंतीशी आले. मी वाचून दाखवली. तुम्हाला या खेळात काय खिळवून ठेवतं? लढाई, बक्षिसं, गोष्ट, स्पर्धा, की मैत्री? एकावर खूण करा. तात्यांनी पाचही पर्याय मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, यात खरं उत्तरच न्हाय.

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा, माणूस टिकतो कशानं?

“नंबर लागल म्हनून टिकतो, बाई. आज न्हाय लागला तर उद्या लागल. पर आपलं नाव वहीत हाय, एवढं त्याला ठावं पायजे.”

मी मनात म्हटलं, घ्या. जगभरच्या मोठमोठ्या कंपन्या डोकं खाजवतायत आणि उत्तर जळोचीत गाईच्या गोठ्याशेजारी बसलंय. प्रश्नावली तशीच कोरी राहिली.

मग या जानेवारीत तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस पडद्याकडे बघायचं नाही. तात्यांनी ऑपरेशनाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. घरी येऊन हजेरीपट घेतला आणि थेट आमच्या दारात. मंडळ बंद ठेवता यायचं नव्हतं, कारण त्याच आठवड्यात बर्फाच्या डोंगरावरचा राक्षस मारायचा होता. त्याच्यापाशी पांढरा घोडा असतो, आणि मंडळ दोन वर्षं त्या घोड्यासाठी धडका देत होतं. काकींना चष्मा लावूनही पडद्यावर काही कळत नाही. राहता राहिले मी.

“तुमी गनिताच्या,” तात्या म्हणाले. “हजेरी तुमच्या हातची चुकायची न्हाय.”

स्तुतीला भुलून मी आजवर पुष्कळ चुका केल्या आहेत. ही त्यातली एक. रोज शाळेतून आले की त्यांच्या ओसरीवर जायचं, वैद्य होऊन दोन नंबरपासून हजेरी वाचायची (एक नंबरची ओळ तात्या स्वतः भरायचे), आणि लढाईत मागं उभं राहून हिरवं बटण दाबत राहायचं, म्हणजे जखमी माणसं बरी होतात. मी पहिले दोन दिवस निळं दाबत होते. त्यानं मी नाचत होते. कुणी काही बोललं नाही. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, त्यांच्यावर लावलेली गाणी आत ऐकू येत होती, तेव्हा माझा नाच तालात होता अशी समजूत मी करून घेतली. तात्या काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि प्रत्येक नावाला मान हलवायचे.

पाचव्या दिवशी डोंगरावरचा राक्षस मेला. तात्या तेव्हा तपासणीला दवाखान्यात गेले होते. दोन वर्षं त्यांच्या देखरेखीखाली जो मेला नाही, तो माझ्या हाती नीट मेला, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. बर्फातून पांढरा घोडा बाहेर आला. आता नंबर कुणाचा, म्हणून मी हजेरीपट उघडला.

एक नंबरला सई होती.

तिच्यापुढे तीन वर्षं एकच शब्द होता: रजा. रोजचा रकाना, रोजची रजा, तात्यांच्या वळणदार अक्षरात. मी मागची पानं चाळली. सलीमभाई हजला गेले तेव्हाचा त्यांचा अर्ज होता. मुरुगनचा बहिणीच्या लग्नाचा होता, इंग्रजीत. सईचा एकही अर्ज नव्हता. बावीस वर्षं मी हजेरी घेतेय. आमच्या मुख्याध्यापकांच्या पुतण्याचंही नाव मी आठव्या दिवशी कमी केलंय. मला वाटलं, एकतीस वर्षं जीपगाड्या परत पाठवणारा माणूस आणि घरातच वशिला. खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. मी लाल पेन काढलं, सईच्या नावावर रेघ ओढली आणि जाहीर केलं: घोडा दोन नंबरला, सलीमभाईंना.

पडद्यावर सगळे थांबले. सलीमभाईंनी लिहिलं, “नंबर माझा न्हाय. सई रजेवर हाय.” खाली मुरुगननं लिहिलं, “मंजूर.” मग एकामागून एक, सगळ्यांनी. मी नियम लिहिला, तर कुणी उत्तरच देईना. सगळी माणसं बर्फात आपापली शस्त्रं घेऊन उभी, आणि घोडा मध्ये.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सलीमभाई दुकानातून बोलत होते.

“बाई, अर्ज कुठनं येनार?” ते म्हणाले. “पोरगी येत न्हाय, ह्ये तात्यास्नी बी ठावं हाय. त्या वर्साला जाताना ती घोडा मागून गेली, आबा ह्यो घेऊन ठेव म्हनली. दर रविवारी आयत्या वेळचा विषय तिच्या रजेचाच असतो. आमी मंजूर करतो. तुमी बी करा.”

मी फोन ठेवला. मला रविवारचा दुसराही कार्यक्रम माहीत होता, भिंतीवरून तोही ऐकू येतो. सकाळी बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल येतो. सई “हाय आबा” म्हणते, आबा “जेवलीस का” म्हणतात, आणि पोरगी आपल्या फोनकडे वळते. चौदा वर्षांची आहे, तिचं काही चुकलं असं नाही. मला माझी लाज वाटली, ती सांगून टाकते.

घोडा मी मंडळाच्या कोठारात सईच्या नावावर ठेवला. पण लाल रेघ काही पुसता येईना. मग मी हजेरीपटाचं एक मागचं पान फाडलं आणि बावीस वर्षांच्या नोकरीत जे केलं नव्हतं ते केलं. सईच्या नावानं खोटा अर्ज लिहिला. लाल रेघेशेजारी ‘चुकून मारली’ असं लिहून खाली सही केली.

तात्या दिवेलागणीच्या आधी आले. काळा चष्मा, डोक्यावर टोपी. राक्षस मेल्याचं सलीमभाईंनी त्यांना फोनवर सांगितलं होतंच. त्यांनी माझं कौतुक केलं नाही. खुर्चीवर बसले आणि विचारलं, “एक नंबरचं काय केलं?”

“रजा मंजूर केली,” मी म्हटलं. “घोडा कोठारात आहे.”

त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, “अर्ज?”

“आलाय.”

काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. अर्ज कुणी लिहिला हे तिघांनाही कळलं होतं.

“कारन काय दिलंय?”

“वार्षिक परीक्षेची तयारी.”

“वार्षिक नका लिवू, बाई,” तात्या म्हणाले. “वार्षिक एप्रिलात संपती. मग मे म्हैना येतो. उगं वाट बघाया हुतं.”

मी पेन उघडलं. मग विचारलं, काय लिहू?

“क्लास लिवा. क्लास बारा म्हैने असत्यात.”

मी परीक्षा खोडली आणि क्लास लिहिलं. तात्यांनी चष्मा वर करून, दुखऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यात आलेलं पाणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं स्वच्छ रुमालानं टिपलं, टोपी नीट केली आणि भिंतीकडे तोंड करून हजेरी ऐकायला बसले.

“हं,” म्हणाले. “दोन नंबर वाचा.”