मासे काय करून राह्यले?

शेषराव काकांच्या घरी संडासला जाऊन आलेल्या माणसाला पाय पुसायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. काका दाराशेजारी स्टुलावर बसलेले असतात. ते अगदी गंभीरपणे विचारतात, "मासे काय करून राह्यले?" हा प्रश्न टाळता येत नाही. "पाह्यलं न्हाई" म्हणालात की ते तुम्हाला परत आत पाठवतात. माझ्या मेहुण्याला त्यांनी असंच परत पाठवलं होतं, आणि तो बिचारा मुलीच्या सोयरिकीचं बोलायला आमच्याकडे आलेला होता.

जालन्याच्या मस्तगडात आमची आणि काकांची भिंत एक. त्यांचं नळ, तोट्या, कमोड असल्या सामानाचं दुकान होतं. कुठल्याशा कंपनीच्या गोडबोल्या विक्रेत्यानं त्यांच्या गळ्यात एक अजब वस्तू मारली होती. कमोडच्या मागे फ्लशची टाकी असते ना, तशीच टाकी, पण काचेची. आत फ्लशच्या पाण्याचा वेगळा डबा, आणि त्या डब्याभोवती जी वीतभर जागा उरते तिच्यात मासे. साखळी ओढली की पाणी जातं, मासे जागच्या जागी. ही टाकी दुकानाच्या दर्शनी भागात कित्येक वर्षं धूळ खात उभी होती. आमच्या गावात नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, इथे माणसं बादलीभर पाणी जपून वापरतात. माशांसाठी पाणी कोण घालवणार? गिऱ्हाइकं टाकीला हात लावून हसायची आणि दहा रुपयांची तोटी घेऊन जायची.

मग एक दिवस काकांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि सगळ्या सामानातून तेवढी टाकी घरी आणून कमोडमागे बसवली. त्यांची संडास-न्हाणी एकाच खोलीत. आत लाल-सोनेरी मासे सोडले. गल्लीनं ठरवलं की काकांचं डोकं फिरलं.

मीही लांबूनच हसलो असतो. पण आम्ही आमच्या संडासाचं काम काढलं आणि गवंडी खड्डा करून लग्नसराईत गडप झाला. त्यामुळे बायको, मी आणि आमची म्हातारी, असे आम्ही तिघं बादल्या घेऊन काकांच्या दारात उभे राहू लागलो. काकांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. फक्त नियम सांगितले.

ॲसिड, फिनेल बिलकुल नाही. उदबत्ती नाही. दाराला आतून कडी नाही, कारण "कडीच्या आवाजानं मासे दचकतेत." आरसाही नाही. भिंतीवर आरशाचा नुसता खिळा होता. विचारलं तर म्हणाले, "माशांला आरशाचं भ्या वाटतं." कडी नसल्यामुळे आत बसलेल्या माणसाला सतत खाकरावं लागे. माझी म्हातारी मारुतीचं नाव घेत बसायची. वीज गेली की बुडबुड्यांची मशीन बंद पडे, आणि बाहेरून काकांचा हुकूम येई, "सर, हात घालून पाणी हलवा जरा! जल्दी!" मी शाळेत मुख्याध्यापक आहे. मागे वळून, एका हातानं माशांचं पाणी ढवळत बसलेला मुख्याध्यापक कुणी पाहिला नाही, एवढीच त्यातली समाधानाची गोष्ट.

माशांच्या पाण्याच्या बादल्या वेगळ्या. नळाला ब्लिचिंगचा वास मारतो, म्हणून काका ते पाणी भरून उघड्यावर ठेवत, वास गेला की मगच टाकीत घालत. उन्हाळ्यात टाकीवर ओलं गोणपाट. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी टाकी पाहिली आणि मान हलवली. जागा चिंचोळी, पाणी तापणार, फ्लशचा धक्का बसणार. "जगतील कदाचित," ते म्हणाले, "पण सुखानं नाही."

"सुखाचं कोण इचारून राह्यलं, सर?" काका म्हणाले. "टिकले पायजेत."

मला तेव्हा हसू आलं. आता आठवलं की येत नाही.

सरूकाकू, म्हणजे काकांच्या मंडळी, त्या काळात बाहेर दिसेनाशा झाल्या होत्या. पूर्वी त्या गल्लीतल्या कुठल्याही हळदीला सगळ्यात आधी हजर असायच्या. माहेर आष्टीचं, आवाज खणखणीत. आता हाक मारली तरी दारात येत नसत. पुण्याच्या लेकाचा पगार वाढला म्हणून काकू शिष्ट झाल्या, असं आमच्या घरात बोललं जाई. आम्ही त्यांचाच संडास वापरून त्यांना नावं ठेवत होतो.

एके दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर बादली घेऊन गेलो. काका स्टुलावर होते, दार नुसतं लोटलेलं होतं. आत काकू होत्या.

"मासे काय करून राह्यले?" काकांनी दाराला तोंड लावून विचारलं.

"फिरून राह्यले," आतून आवाज आला. लहान पोरीसारखा.

"अन् सोनेरी?"

"ते कोपऱ्यात बसलं. रुसलं."

"रुसू दे. तू तांब्या घे. घेतला?"

"घेतला."

"अंगावर घे. बराबर. अजून एक घे. मंग सांग, सोनेरी काय करून राह्यलं?"

पाणी पडल्याचा आवाज आला. काकांनी डोळे मिटून घेतले. मी तिथून सटकायला हवं होतं, पण बादली धरून तिथेच उभा राहिलो. काकांनी मला पाहिलं. लपवण्यात आता अर्थ नाही असं त्यांना वाटलं असावं.

"तिला ध्यानात राहत न्हाई काही," ते हळू आवाजात म्हणाले. "न्हाणीचं तं लैच भ्या घेतलं. आरशात पाहून म्हने, ही बाई कोण हाय आत? एकदा आतून कडी लावली अन् उघडायचीच इसरली. दार फोडलं. मंग आंघोळच बंद. ओढत न्यावं तं रडायची. मासे आणले तवा पाह्यला म्हणून गेली आत. बोलत राह्यली की मला कळतं, पडली न्हाई, घाबरली न्हाई."

मग मला सगळंच उमगलं. कडी माशांसाठी काढली नव्हती, आरसाही नाही. आणि तो प्रश्न रोज दाराआडून विचारून विचारून काकांच्या तोंडात इतका बसला होता, की दारातून कुणीही बाहेर आलं तरी तोच बाहेर पडायचा. त्या दिवशी संडासातून येताना मी न विचारता सांगितलं, "फिरून राह्यले, काका."

नंतर बऱ्याच दिवसांच्या खंडानं एकदा नळ आले. जालन्यात नळ आले की काय होतं, हे जालनेकरालाच ठाऊक. गल्लीभर आरोळी उठते, बायका घरातलं शिळं पाणी ओतून देतात, भांडी घासतात आणि ताजं भरतात. काका गच्चीवर पाइप लावायला गेले होते. खाली काकूंनी आरोळी ऐकली. ज्या बाईला लेकाचं नाव आठवत नव्हतं, तिला हे सगळं आठवलं. त्यांनी मासे तांब्यानं काढून परातीत ठेवले. टाकीतलं शिळं पाणी उपसून टाकलं, काथ्यानं काच लख्ख घासली, नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं आणि मासे हलक्या हातानं परत सोडले. एकही खाली पडू दिला नाही.

काका खाली आले तेव्हा त्या पदराला हात पुसत उभ्या होत्या. "शिळ्या पाण्यात ठेवतेत का कोणी जिवाला?" त्या म्हणाल्या. आवाज पूर्वीसारखा खणखणीत.

ब्लिचिंगनं सगळे मासे गेले. काका मला सांगायला आले तेव्हा मला वाटलं, माणूस कोसळलेला असेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर चमक होती. "सर, तिनं आज पाणी भरलं! सोताच्या हातानं! कोणी सांगितलं न्हाई!" एवढं म्हणून ते आमच्या ओट्यावर बसले आणि रडले.

काकूंना सांगितलं की मासे आष्टीला गेले. त्यांनी ते ऐकलं, पण रिकाम्या न्हाणीत पाऊल टाकेनात. "मासे कुठं गेले?" एवढंच धरून बसायच्या आणि दाराची चौकट घट्ट पकडायच्या. आंघोळ बंद. काका त्यांना ओल्या फडक्यानं पुसून घेत. काकूंना एकटं टाकून त्यांना बाहेर पडता येईना, म्हणून रविवारी संभाजीनगरला जाऊन नवे मासे आणायचं मी कबूल केलं. तसेच सोनेरी हवेत, एवढं त्यांनी मला दहादा बजावलं.

रविवारी झाकणाचा डबा घेऊन मी सांगायला गेलो. काका स्टुलावर होते. दार लोटलेलं. आत पाणी पडत होतं.

"काकू आत गेल्या?" मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलोच.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दाराला तोंड लावलं. "मासे काय करून राह्यले?"

"खेळून राह्यले," काकू आतून म्हणाल्या. "सोनेरी लै वांड हाय. पाहा ना कसं पळून राह्यलं."

टाकी कोरडी होती. आदल्याच दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

"कालपर्यंत इचारत होती, कुठं गेले म्हणून," काका म्हणाले. "आज सोताहून गेली आत. आंघोळ करून राह्यली." त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "ही खुशीची गोष्ट हाय का सर? तुम्ही शिकलेले हायेत, सांगा."

मी डबा खाली ठेवला.

"मंग जाऊ नका आता संभाजीनगरला," काका म्हणाले. "फुकट खर्चा कशाला." आणि ते परत दाराकडे वळले.

"तांब्या घे, सरू. अंगावर घे. अन् मला सांगत राह्य, आता काय करून राह्यले?"