विहीणबाईंचं ठिपक्यांचं झाड

भगवानरावांच्या गुलाबाला काळे ठिपके पडले होते. डागी पानं खुडून, जाळून, बुरशीचं औषध फवारून त्यांनी ते घालवले. गुलाब सुधारला, भगवानराव मात्र बिघडले. निवृत्त कंडक्टर माणूस. पांढरकवड्याच्या गल्लीत आता ज्याच्या त्याच्या कुंपणाशी थांबून पानं उलटून बघायचा, बिनतिकिटाचा प्रवासी शोधावा तसा.

बायको कोकिळाबाई बहिणीकडे ढाणकीला गेल्या आणि इकडे भगवानरावांची नजर घरच्या ओसरीतल्या नव्या कुंडीवर गेली. मोठाली हिरवी पानं, आणि प्रत्येकावर पांढुरके ठिपके. हे झाड लेकीच्या, सुरभीच्या सासूनं, उर्वशीबाईंनी हौसेनं दिलेलं. भगवानरावांनी एकूण एक पान खुडलं, परसात जाळलं आणि उरलेल्या दांड्याला औषधानं न्हाऊ घातलं.

परतलेल्या कोकिळाबाई दांड्याकडे बघतच राहिल्या.

“रोग नव्हता त्याले. ते झाडच ठिपक्याचं असते,” त्या म्हणाल्या. “अन् रविवारी विहीणबाई येऊन राह्यल्या.”

खरं सांगून टाकू, असं भगवानरावांचं म्हणणं. पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, असं कोकिळाबाईंचं. मग दोघांनी गावातल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. तसंच दिसणारं झाड मिळालं, पण कोऱ्या हिरव्या पानांचं. शनिवारची दुपार भगवानराव चुन्याची डबी आणि काडी घेऊन ओसरीत ठिपके देत बसले.

रविवारी उर्वशीबाई चहाच्या आधीच कुंडीपाशी गेल्या. चष्मा सावरून त्यांनी पान चोळलं. बोट पांढरं झालं.

“भाऊ, हे काय झालं याले? सुरभी म्हन्ते, तुमाले झाडाचं लय समजते.”

कोकिळाबाईंनी तोंडाला पदर लावला. भगवानरावांचा आवाज मात्र सवयीनं गंभीरच निघाला.

“भुरी असंल, विहीणबाई. बुरशीच असते ते.”

“मंग अशी पानं ठेवली कायले?”

एवढं बोलून उर्वशीबाईंनी तिथंच बसकण मारली आणि भराभर सगळी पानं खुडली. मनाला लावून घेऊ नका, पुढच्या खेपेला दुसरं आणीन, अशी समजूतही घातली. पानं लांब नेऊन जाळायची, नाहीतर रोग पसरतो, हेही त्यांनी भगवानरावांना नीट समजावून सांगितलं.

झाडांच्या बाबतीत दुसऱ्याचा सल्ला भगवानरावांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मुकाट्यानं ऐकला.