हॉलमध्ये खाट नसते

घर गवंडी बांधतो. परंतु त्यातील खोल्या खऱ्या अर्थाने अस्तित्वात येतात त्या नावे दिल्यानंतरच. मल्लेश्वरममधील आमच्या घरात १९६२ पर्यंत खोल्या पाच आणि नावे चौदा होती. (मधल्या खोलीला माझी आई माजघर म्हणे, कै. पत्नी कानडीत नडुमने म्हणे.) तरीही कोणी हरवल्याची नोंद नाही.

मग मुलगा व्यंकोजी जयनगरात आपल्या कचेरीतल्या साहेबांचे नवे घर पाहून आला.

"अण्णा, प्रत्येक खोलीला एकच नाव. पाट्या तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर झकास आहे."

अक्षरे मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो. त्यांना झकास म्हणणारा हा पहिलाच मनुष्य. मी लगेच काळा रंग कालवला.

स्वयंपाकघराचे किचन झाले. (धूर तोच.) मधली खोली डायनिंग झाली. (टेबल यायचे आहे; तूर्त जमिनीवर डायनिंग करतो.) मुलगा-सून राहतात ती बेडरूम. तांदळाच्या पोत्यांची कोठी, म्हणजे आमचे उग्राण, तिचे स्टोअर झाले. आणि जिथे खिडकीशी एकतीस वर्षे माझी खाट होती, ती पुढची खोली हॉल झाली.

दुसऱ्या दिवशी सून सत्यवती म्हणाली, "मामंजी, हॉलात खाट बरी दिसते का?"

"मग पाटी बदलू."

"रंग वाळला की हो! आणि किती छान लिहिलंय तुम्ही."

मुद्दा बिनतोड होता. डायनिंगमध्ये जेवतात, किचनमध्ये रांधतात, बेडरूमचा प्रश्नच नाही. उरले स्टोअर. तिथे टाकवत नाहीत आणि रोज लागतही नाहीत अशा वस्तू ठेवतात. मी स्वतःला तपासून पाहिले. दोन्ही अटी पूर्ण होत्या. उशिरा शिकलेल्या माणसाला लिहिलेले खोटे वाटत नाही. खाट मीच एका बाजूने उचलली.

हॉल आता दिवसाचे बावीस तास रिकामा असतो. त्याने घराची शोभा वाढल्याचे सर्वांचे मत आहे.

परवा शेजारचे शेषगिरी मला भेटायला आले. त्यांना हॉलमध्ये बसवण्यात आले.

"विठोजीराव कुठं?"

"अण्णा? स्टोअरमध्ये," व्यंकोजी म्हणाला.

"सरी, सरी, बरं. रेशनची रांग मोठी असणार. येताना आमची पण स्वल्प साखर आणा म्हणावं." आणि ते गेले.

मधे एकच भिंत होती. हाक मारावीशी वाटली. पण स्टोअरमधून हाका मारण्याची पद्धत नाही.

वाचकहो, हसलात, ठीक आहे. आता आपल्या वडिलांची खाट ज्या खोलीत आहे, तिचे नाव जरा हळू घ्या. आमची पिढी वाचायला उशिरा शिकली. ऐकू मात्र पहिल्यापासून येते.