सव्वाशे वर्षं मागचं टपाल

एका मुलीला बरं वाटावं म्हणून बस्त्यावकाकांनी कॅनबेरातल्या चर्चमध्ये मिस्सा ठेवली, तेव्हा ती मुलगी जगातून जाऊन निदान साठ-सत्तर वर्षं झालेली असणार. फादरना अर्थातच हे माहीत नव्हतं. त्यांनी वेदीवरून ‘आपल्या सबॅस्टियनच्या आजारी सूझनसाठी’ प्रार्थना केली. चर्चमधल्या बायकांनी सह्या करून एक ‘गेट वेल’ कार्डही दिलं. काकांनी ते गंभीर चेहऱ्याने घेतलं आणि घरी आणून फ्रिजवर उभं केलं.

बस्त्याव घोन्सालविस, चर्चमधल्या लोकांचे सबॅस्टियन, मूळचे वसईचे. युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायचे आणि आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहायचे. मी आणि माझा नवरा माधव सत्तरच्या दशकात तिथे राहायला गेलो, ते काकांच्या भरवशावर. पहिल्या थंडीत हीटर कसा लावायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. फक्त त्यांच्या संशोधनाबद्दल विचारायची चूक करायची नाही. मी ती पहिल्याच आठवड्यात केली.

त्यांचा विषय होता अमेरिकेतल्या एका चेरोकी कुटुंबाची पत्रं. चेरोकी हे तिथले मूळचे लोक. सरकारने त्यांना त्यांच्या डोंगरांतून हुसकून दूर पश्चिमेला पाठवलं. या कुटुंबाने तिथे पुन्हा घर उभं केलं, दुकान थाटलं, चार मुलगे आणि एक मुलगी वाढवली आणि रोज उठून कुणा ना कुणाला पत्रं लिहिली. धंद्याची इंग्रजीत, घरची बरीचशी त्यांच्या स्वतःच्या लिपीत. “म्हणजे आपल्यासारखंच गं,” काका म्हणायचे. “बँकेला इंग्रजी, आईला मराठी.”

अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाने त्यांना या सगळ्या पत्रांच्या फोटोकॉपी भाषांतरासकट पाठवल्या होत्या. प्रत्येक पत्र वेगळ्या बंद पाकिटात, वर तारीख. दुसरा कुणी असता तर महिन्याभरात वाचून पुस्तक लिहून मोकळा झाला असता. काकांचा नियम वेगळा. पत्र ज्या तारखेचं, त्याच तारखेला वाचायचं, फक्त साल सव्वाशे वर्षं पुढचं धरायचं. ते लोक दोन महिने वाट बघत बसले असतील, तर आपणही बसायचं. हेड ऑफ डिपार्टमेंट दर वर्षी विचारायचे, “पुस्तक कधी, मेट?” काका सांगायचे, “ते लोक अजून म्हातारे व्हायचेत.”

खोका स्वतःच्या घरात ठेवायची मात्र त्यांची हिंमत नव्हती. “माझ्याकडे राहिला तर एका रात्रीत वाचून सगळ्यांना मारून टाकीन मी,” असं म्हणून त्यांनी तो आमच्या कपडे धुवायच्या खोलीत आणून ठेवला. अशी मी पोस्टमन झाले. त्या तारखेचं पाकीट सकाळी त्यांच्या पत्रपेटीत टाकायचं हे माझं काम. मग संध्याकाळी कुंपणाशी बातम्या कळायच्या. थोरल्याने पुन्हा कर्ज काढलं, खेचर लंगडं झालं, आईला नव्या गावाचं पाणी अजून मानवत नाही. धंद्याचं पत्र आलं की काकांचा दिवस वाया जायचा. “मीठ, खिळे, साखर! घरात माणसं आहेत की नाहीत?”

सूझन ही त्यांची सर्वांत लाडकी. बोर्डिंगमध्ये शिकायला गेलेली धाकटी, घर आठवून रडणारी, वडलांना आपल्या लिपीत लांबलचक तक्रारी लिहिणारी. एका जुलैत तिच्या शाळेच्या बाईंचं पत्र आलं. मुलीला ताप आहे, उतरत नाही, डॉक्टरांना आशा वाटत नाही.

काकांचं जेवण तुटलं. कुंपणाशी येऊन ते नुसते उभे राहायचे. मिस्सा झाली ती तेव्हाच. माधव म्हणाला, खोक्यात बघ आणि सांगून टाक बिचाऱ्याला. मी विचारायला गेले तर काका माझ्यावर पहिल्यांदाच रागावले. “तिच्या आईला कुणी सांगितलं होतं का आधी?”

तरी मी पुढचं पाकीट वाफेवर उघडलंच. सहा आठवड्यांनंतरचं ते पत्र वडलांनी कुणा व्यापाऱ्याला लिहिलं होतं. पहिल्या ओळीत मीठ, दुसऱ्या ओळीत खिळे. पोर गेली असणार आणि बापाने पुन्हा दुकानात डोकं घातलं असणार. पुढे वाचवेना. तसंच डिंकाने बंद करून ठेवून दिलं.

ते टाकायची सकाळ उजाडली तेव्हा सगळ्या लॉनवर दव गोठलं होतं. काका ड्रेसिंग गाउनमध्ये पेटीशीच उभे होते. मला निघून जायचं होतं, पाय निघेना. त्यांनी चष्मा लावला. मीठ. खिळे. साखर. एकेक ओळ बोटाने पुढे सरकवत ते वाचत होते. शेवटी बोट थांबलं.

“सुमन,” ते म्हणाले, “मुलीसाठी बुटांचा एक जोड. गेल्या वर्षापेक्षा एक नंबर मोठा.”

मला क्षणभर कळलंच नाही.

“आजारात उंच झाली पोरगी. पाय वाढला,” असं म्हणून ते पायरीवर बसले आणि गाउनच्या बाहीने डोळे पुसायला लागले. मलाही रडू आलं. मेलेल्या माणसाला बूट कोण मागवतं? इतकं सुटल्यासारखं मला माझ्या घरच्या कुठल्या बातमीनेही वाटल्याचं आठवत नाही.

चहा घेताना ते आपणहून बोलले. “माझी आई गेली तेव्हा तार आधी आली. मग तिने पूर्वीच टाकलेली दोन पत्रं आली. एकात पेरूला बहर आलाय, दुसऱ्यात नाताळला ये. पत्र उघडलं की ती जिवंत, मिटलं की पुन्हा गेलेली. दोनदा. म्हणून या लोकांना तरी रांगेने येऊ देतो.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “उद्या काही आहे का गं?”

खोक्यातलं पुढचं पाकीट नोव्हेंबरचं होतं. आईनंतर त्यांना विजेच्या बिलाखेरीज कुणाचं काही येत नव्हतं, हे पोस्टमन म्हणून मला चांगलंच ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी एक पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि दुकानांपाशी जाऊन पोस्टात टाकलं. ‘ती. काका, रविवारी जेवायला या. कोळंबीची आमटी करते.’

रविवारी काका आले. पत्राबद्दल अवाक्षर नाही. फादरना सूझन बरी झाल्याचं सांगितलं आणि सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या, हे मात्र दोनदा सांगितलं. पोटभर जेवले, उरलेली आमटी डब्यात घेऊन गेले.

मंगळवारी आमच्या पेटीत तिकीट लावलेलं पाकीट होतं. ‘चि. सुमन, अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पावलं, फार आनंद झाला. रविवारी नक्की येतो. तुझा, बस्त्यावकाका.’

मी कुंपणाकडे पाहिलं. आमटीचा डबा धुऊन पुसून तिथे ठेवलेला होता आणि पलीकडे काका पाठ करून झाडांना पाणी घालत होते. या वेळी पत्र मागाहून आलं होतं खरं, पण माणूस आधीच येऊन जेवून गेला होता.