जावयाला दूध चालत नाही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी जाण्याआधी मी एक छोटासा निर्णय घेतला. या वेळी सासूबाईंना सांगून टाकायचं, मला दुधाची ॲलर्जी आहे.

खोटं बोलायला कारण होतं. आमच्याकडे जावयाने दुसरा मांडा नाकारला, की तो रुसला असं धरतात. गेल्या वर्षी सासरी, प्रकाशा गावी, सासूबाईंनी, म्हणजे कौसाबाईंनी, खापरावरच्या मांड्यांवर तांब्याने दूध ओतलं आणि मी (मानी माणूस!) चार मांडे संपवले. नंतर ओट्यावर माझं पोट असं गुरगुरलं, की सासरे हिलालआप्पा काठी घेऊन कुत्रं शोधत फिरले.

शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, "ॲलर्जी नाही. दुधातली साखर तुम्हाला नीट पचत नाही. कमी घ्या." पण 'कमी घ्या' असं म्हटल्यावर कोणती सासू ऐकते? ॲलर्जी हा शब्द वजनदार. फोनवर मी तोच वापरला.

वजन जरा जास्तच पडलं. शेंगदाणा खाऊन शेजारचं पोरगं सुजलेलं, धापा टाकत दवाखान्यात नेलेलं कौसाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आखाजीच्या पंगतीत साडू कुंदनच्या ताटात मांडे आणि आमरस. माझ्या ताटात भाकर आणि दुधीची भाजी! मांड्याची कणीक दुधात मळलेली, रसातही दूध.

"मामी, एक घास तरी..." मी सासूबाईंना विनवलं.

"थेंबभर बी नही! मन्ही पोरना कुकूना सवाल शे!"

"रस नुसता दखा, भाऊ," कुंदन मिशी पुसत, वाटी माझ्या डोळ्यांपुढे धरत म्हणाला. "दखानी ॲलर्जी ऱ्हास नही."

माझा संयम सुटला. वर्षभर ज्या मांड्यांची वाट पाहिली, ते समोरून चालले होते. मी उभा राहिलो आणि प्रमाण मराठीत शिरलो. (अहिराणीत शास्त्र सांगितलं की भांडण वाटतं.)

"ॲलर्जी म्हणजे घरचा राखणदार पाहुण्याला चोर समजून लाठी चालवतो. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. तिथे थेंबही घातक. माझं तसं नाही. माझ्या घरात गोधड्याच कमी! दोन पाहुणे आले तर सुखाने झोपतात, वीस आले की गोंधळ."

"म्हंजे राखणदार झोपेल शे?" आप्पांनी विचारलं.

"गाढ!"

बायको रुपा पुढे आली. "आई, खरं शे. डॉक्टरनी बी तेच सांगं."

कौसाबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुंदनचा घास हातातच राहिला. जिंकलो! एवढा मान मला ऑफिसात कधी मिळाला नव्हता.

"मंग कितलं झेपस तुमले?" कौसाबाईंनी विचारलं.

"शास्त्राप्रमाणे," मी छाती फुगवून म्हणालो, "अर्धी वाटी. त्यापुढे आग्रह नको."

त्यांनी मान डोलावली, आत गेल्या आणि बाळाला भरवायची वाटी घेऊन आल्या. तिच्यात रस बरोबर अर्धा, शेजारी चतकोर मांडा. मला कुंदनच्या तीन वर्षांच्या लेकीशेजारी, जागृतीशेजारी, बसवलं.

तिने वाटी चाटूनपुसून पुढे केली. तिला पुन्हा वाढलं.