हिरवा सिंह आणि मंदाकिनीचं लग्न

जे दिसतं तेच खरं मानणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे. हे तत्त्व इतरत्र कितपत पाळतात ठाऊक नाही, परंतु स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत डोंबिवलीत ते काटेकोरपणे पाळलं गेलं. त्याचं सर्व श्रेय गूढार्थ चिंतन मंडळाला आहे. मी शेजारी राहत असल्याने माझ्याकडे खुर्च्या पुरवण्याचं काम होतं.

मंडळाचे अध्यक्ष भाऊ साठ्ये हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्यांच्या अर्जांतून तिसराच अर्थ काढण्यात त्यांची हयात गेलेली. मुंबईत जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना एका फिरंगी ग्रंथाचं सुटं पान मिळालं. किमयागारांच्या काळातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. त्यात एक सिंह सूर्य खात होता, राजा आणि राणी एकाच हौदात गळ्यापर्यंत बुडून बसले होते आणि खाली एक साप स्वतःचं शेपूट गिळत होता. भाऊंनी पुढच्या खोलीतला वडिलांचा फोटो उतरवला आणि तिथे हे चित्र लावलं.

सभासद अकरा, राणीच्या अर्थाबद्दल मतं चौदा (पैकी चार एकट्या भाऊंची). सिंह हिरवा आहे यावर मात्र एकमत होतं. चित्र तर काळ्या शाईतलं आहे, अशी शंका एका नवख्या सभासदाने काढली. त्याला पुढच्या बैठकीचं बोलावणं गेलं नाही. त्या हौदातलं पाणी कुणी बदलतं की नाही, असं एकदा भाऊंच्या पत्नी सुमतीबाई चहा ठेवताना म्हणाल्या. इतिवृत्तात त्याची ‘शुद्धीकरणाचा सिद्धांत’ म्हणून नोंद झाली.

एवढ्यात भाऊंची मुलगी मंदाकिनी लग्नाची झाली. ती बी.ए. होऊन ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवत होती. पत्रिका जुळवणं भाऊंना मागासलेपणाचं वाटे. म्हणून त्यांनी सुधारणा केली. मुलगी पोहे ठेवून आत जाई आणि स्थळाला मुलीऐवजी चित्र दाखवलं जाई. काय दिसतं, एवढाच प्रश्न. एका डॉक्टरला राजाच्या चेहऱ्यावर मुतखडा दिसला. एका वकिलाने हौद कुणाच्या मालकीचा ते विचारलं. दोघांनाही नारळ मिळाला.

मग कल्याणहून सुधीर आला, रेल्वेच्या गुदामातला कारकून. तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला.

“सिंह आहे. सूर्य खातोय,” तो म्हणाला. “तोंड भाजेल त्याचं.”

स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. सुधीरने चित्र सोडून तिकडे पाहिलं (शेरा: एकाग्रतेचा अभाव).

संध्याकाळी मंदाकिनी पुढच्या खोलीत आली. मंडळाचे सगळे बसलेले होते. “भाऊ, मला हा मुलगा पसंत आहे,” ती म्हणाली. “लग्न करीन तर याच्याशीच.”

लगेच खास बैठक झाली. अशा सुसंस्कृत घरात वाढलेली मुलगी जे बोलते तेच तिच्या मनात असेल, हे संभवत नव्हतं. मुलगा म्हणजे अंतरीचा पुरुष, लग्न म्हणजे सूर्यचंद्राचं मीलन. सबब, मुलीला कुणी विशिष्ट माणूस नको असून ती उच्च अवस्थेला पोचली आहे, असा ठराव मंजूर झाला. कल्याणला नकार गेला.

मंदाकिनीने जेवण टाकलं. मंडळाने सापाकडे बोट दाखवलं. स्वतःवरच पोसणं ते हेच. पोर आत रडते आहे, असं सुमतीबाईंनी बाहेर येऊन स्वच्छ मराठीत सांगितलं. रडणं ही द्रवीकरणाची पायरी असून ती इष्ट आहे, असं त्यांना समजावण्यात आलं. त्या दिवशी मला अकराही जणांना हौदात बुडवावंसं वाटलं (हे प्रतीकात्मक नव्हतं). पण मी खुर्च्या मोजून घरी नेल्या.

पुढे कोपरीचे उत्तमराव आले. त्यांना चित्रात बत्तीस अर्थ दिसले, त्यांतले दोन चौकटीच्या खिळ्यात. सभासद उठून उभे राहिले. उत्तमरावांनी स्वयंपाकघराकडे एकदाही पाहिलं नाही. लग्न थाटात झालं.

वर्षभराने मंदाकिनीने नवऱ्याला सांगितलं, “मला इथे राहायचं नाही.” उत्तमरावांनी त्यातल्या ‘इथे’ या कल्पनेवर मंडळात व्याख्यान दिलं. ते फार रंगलं. मंदाकिनी मागच्या खुर्चीवर बसून होती. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा तिनेही वाजवल्या, आणि तिला ते पटलं असल्याचं सर्वांच्या लक्षात आलं.

आता सुज्ञ वाचक विचारतील की कथा ठीक आहे, पण यातली मंदाकिनी नेमकी कशाचं प्रतीक? त्यांनी अवश्य यावं. बैठक दर रविवारी चार वाजता असते. तुमच्यासाठी खुर्ची आहे, आणि तुम्हाला चित्र दाखवून परीक्षा घेण्याचीही गरज पडणार नाही.